गो गेला, नो-गो अडला

भोसरीतल्या मशीनशॉपमध्ये इन्स्पेक्शनच्या टेबलावर हमखास दिसते ती वीतभर पोलादी दांडी. एक टोक लांब, दुसरं आखूड, आखूड बाजूला लाल पट्टा. हा प्लग गेज. तपासणारा लांब टोक भोकात सोडतो, ते अलगद उतरतं. दांडी उलटी करून आखूड टोक लावतो, ते तोंडाशीच थांबतं. गो गेला, नो-गो अडला, जॉब पास. मायक्रॉन वाचायची गरजच पडत नाही.

या दांडीचं घराणं तोफखान्यातलं. १७६५पासून सेनाधिकारी ग्रिबोवालनं फ्रेंच तोफखान्याची घडी नव्यानं बसवली, तेव्हा गोळे तपासायला दोन कड्या असत. मोठ्या कडीतून गोळा कसाही फिरवला तरी पार व्हायला हवा, लहान कडीतून जाता कामा नये. मोठा गोळा नळीत अडकणार. लहान असला तर दारूचा जोर बाजूच्या फटीतून वाया जाणार. मला या दोन कड्यांमध्ये फार मोठा शहाणपणा दिसतो. एकही गोळा अगदी बरोबर मापाचा निघणार नाही हे आधीच मान्य करायचं, आणि किती चुकलेलं चालेल तेवढं पक्कं बांधून टाकायचं. आज ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहितात तो हाच.

बंदुकीचे बारीक भाग याहून अवघड. कारागीर कानस घेऊन एकेक भाग शेजारच्या भागाला बसवत असे. १७८५मध्ये पॅरिसमधले अमेरिकेचे राजदूत थॉमस जेफरसन बंदूक बनवणाऱ्या ऑनोरे ब्लांकच्या कारखान्यात गेले. पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे भाग समोर मांडलेले होते. हाताला येतील ते उचलून त्यांनी स्वतः काही चाप जुळवले, आणि ते बसले. ही बातमी त्यांनी मायदेशी कळवली.

पुढे अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्र कारखान्यात जॉन हॉलनं एका रायफलसाठी त्रेसष्ट गेज वापरले. १८२०च्या दशकात सरकारी समितीनं त्याच्या शंभर रायफली खोलून भाग एकमेकांत मिसळले आणि नव्या लाकडी दस्त्यांवर चढवले. सगळं जुळलं.

पण गेज तपासायचा कशानं? स्वीडनच्या एस्किल्स्टुनातल्या बंदूक कारखान्यात काम करणाऱ्या योहान्सननं १८९६मध्ये त्याचं उत्तर शोधलं: पोलादाचे १०२ ठोकळे. पृष्ठभाग इतके सपाट, की एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटून बसतात, आणि त्यांच्या जोडणीतून वीस हजार मापं तयार होतात. सुरुवातीचे ठोकळे त्यानं बायकोच्या शिलाई मशीनवर घासून काढले. आपल्याकडे त्यांना स्लिप गेज म्हणतात.

गेज मात्र माल बिघडल्यावरच बोलतो. तो बिघडायच्या आधीच कळावं म्हणून १९२४मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्टनं मापांच्या चार्टवर दोन रेघा मारल्या. त्या ड्रॉइंगवरून आलेल्या नव्हत्या, मशीनच्याच आजवरच्या चालीवरून काढलेल्या होत्या. मोजलेल्या मापाचा ठिपका रेघेबाहेर गेला की मशीनकडे बघायचं, मग जॉब पास असला तरी. १९४७-४८मध्ये शूहार्ट संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले.

आज भोसरीत मशीनशेजारी तो चार्ट लटकतो आणि टेबलावर दांडीही असते. तिला कॅलिब्रेशनला पाठवावं लागतं ते बहुधा गो टोकापायी. दर जॉबमध्ये आत-बाहेर करून तेच झिजतं. लाल पट्ट्याचं टोक बराच काळ नव्यासारखं राहतं. ते सहसा आत जातच नाही.