खिळे घासणाऱ्या पोरापासून यंत्रबुद्धीपर्यंत

यंत्राने कामगाराचे कसब कसे हिरावले आणि कसे घडवलेही, हे पाहायला आपण छापखान्याची वाट धरू. 1556 साली गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला. देवनागरी खिळ्यांना, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांना, मात्र पुढे बंगालमध्ये पंचानन कर्मकारांसारख्या कारागिरांचे हात लागले आणि 1805 मध्ये तिथल्याच श्रीरामपुरातून मिशनरी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बाहेर पडले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली छापील मराठी पंचांग काढले, ते शिळाछापावर. पुढे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी हा मुलगा खिळे घासायला लागला. हलके काम करता करता तो अक्षर ओळखू लागला. त्याच जावजींनी 1864 मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना उभारला.

त्यानंतरचे शतक खिळेजुळाऱ्यांचे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, समोर खिळ्यांच्या खणांची केस. जोडाक्षरे, काने, मात्रा यांची शेकडो घरे पाठ असलेला उजवा हात, आणि ओळ उलटी वाचणारा डोळा. 1886 साली न्यूयॉर्कमध्ये अख्खी ओळ ओतणारे लायनोटाइप यंत्र आले, पुढे ते देवनागरीतही उतरले; तरी लहान छापखान्यांत हातजुळणीच टिकली. तिचा शेवट संगणकाने केला. पुण्यात 1988 साली भारतीय लिप्यांवरही काम करणारी सी-डॅक ही संगणक संस्था स्थापन झाली, नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, गल्लोगल्ली पोहोचले. कळफलक शिकायला मिळाला ते टिकले. उतारवयातले अनेक जुळारी घरी बसले.

तेव्हाही मुद्रितशोधकाची खुर्ची शाबूत होती. नवशिका मूळ प्रत मोठ्याने वाचे, जाणता प्रुफावर खुणा करी, आणि ऐकता ऐकता नवशिक्याला ऱ्हस्व-दीर्घ कळू लागे. आज यंत्रबुद्धी (एआय) शुद्धलेखन तपासते, कच्चा अनुवाद करते, मजकूर आटोपशीर करते. लायनोटाइपने हात घेतला, डीटीपीने केस घेतली. हे यंत्र मात्र नवशिक्याची उमेदवारीच घेऊ लागले आहे. यंत्रबुद्धीच्या चुका ओळखायला जाणते माणूस लागतेच, पण जाणते होण्याची वाट त्याच हलक्या कामातून जात असे. म्हणून यंत्राने वाचवलेल्या पैशांतून नवशिक्यांना पगार देऊन शिकवणे हे मालकांचे कर्तव्य आहे. नाहीतर पुढचे जावजी घडणार कुठे?