मागच्या आसनाचा इतिहास

वाहनांचे इतिहास आजवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु ते बहुधा हाकणाऱ्यांचे इतिहास आहेत. यंत्र कोणी निर्माण केले, शर्यत कोणी जिंकली, किती मजल किती वेळात मारली, हे सर्व त्यांत सापडते. हाकणाऱ्याच्या मागे बसून धक्के कोणी सोसले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. हा विचार सुचण्यास निमित्त झाले ते एका अगदी साध्या प्रश्नाचे. नांदेड, लातूर यांसारख्या शहरांत वडिलांच्या वा आजोबांच्या वेळची मोटारसायकल अडगळीतून काढून पुन्हा चालती करण्याची हौस काही घरांतून दिसते. इंजिन, टाकी, रंग, दिवा यांविषयी पुष्कळ खल होतो. मागच्या चाकाच्या दोन 'शॉकअप'विषयी मात्र, (कारागिरांच्या तोंडी हाच शब्द रूढ असल्यामुळे आम्हीही तोच योजतो,) जे बसतील आणि चकाकतील ते घ्यावेत, एवढ्यावरच निकाल लागतो. आमच्या मते ही निवड इतिहासास विचारून करण्याजोगी आहे. आणि तो इतिहास मागे बसणाऱ्याचा आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश बहुतांशी काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात हात भेगा पडतात. अशा मातीवर घातलेला रस्ता स्वस्थ राहत नाही. खालची जमीन दर वर्षी उठते आणि बसते, व तिच्याबरोबर रस्ताही मोडतो. या वाटांवर शतकानुशतके बैलगाडी चालली. तिला कमान नव्हती. आसाचा धक्का साठ्यातून सरळ माणसाच्या मणक्यात जाई. मध्ये आडवा येई तो कडब्याचा थर आणि त्यावर अंथरलेली वाकळ एवढाच काय तो. बायकामुलांकरिता वरून आच्छादलेली दमणी असे. तिने ऊन टळले, धक्का टळला नाही. पोलादी पाट्यांच्या कमानींवर तोललेला टांगा शहरांतून आला, तेव्हा प्रवाश्याच्या पाठीची काळजी वाहून नेणारे वाहन येथील सामान्य माणसास प्रथम मिळाले.

रेल्वेनेही या मुलखास एक धडा दिला. कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग १८९७ साली सुरू झाला आणि १९११ साली तो लातूरपर्यंत आला. त्याचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. त्याचे सूत्र असे होते की, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. तो सर्व आसांवर सारखा वाटावयाचा. म्हणजे हलक्या रुळांवरूनही मोठे वजन सुखरूप नेता येते. पुढे १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने सत्तावीस गाड्यांनिशी हैदराबाद संस्थानात मोटारवाहतूक आरंभिली. संस्थानचा हा प्रदेश १९४८ साली भारतात विलीन झाला, १९५६ साली मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. परंतु मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या गावाला जाणारी वाट पुढेही दीर्घकाळ गाडीवाटच राहिली. तेथे एस. टी. पोहोचत नसे. ती उणीव मोटारसायकलीने भरून काढली.

भार वाटावा, धक्का पसरू द्यावा, हे कॅलथ्रॉपचे तत्त्व मोटारसायकलीस, निदान तिच्या मागच्या चाकापुरते, पटण्यास आश्चर्यकारक विलंब लागला. आरंभीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसविलेल्या सायकलीच होत्या. पुढच्या चाकास लवकरच स्प्रिंग मिळाली. मागचे चाक सांगाड्यास ताठ जखडलेले राही. हाकणाऱ्याच्या खोगिराखाली स्प्रिंगा असत. सोबती मागच्या कॅरिअरवर गादीचा तुकडा टाकून बसे, म्हणजे जवळजवळ चाकावरच बसे. अमेरिकेतील 'इंडियन' नावाच्या कारखान्याने १९१३ साली मागच्या चाकास टांग्यासारख्या पाट्यांच्या कमानी लावल्या. परंतु ती रीत रूढ झाली नाही. जाणकार स्वारांचे मत असे की, मागचे चाक हलते ठेवले तर वळणावर गाडी वळवळते, आणि धक्का सोसणे हाच पुरुषार्थ होय. या मतात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. त्या काळचे सांधे ढिले व सांगाडे लवचिक असत, आणि तशा सांगाड्यावरील हलते चाक खरोखरच दगा देई.

हा ग्रह मोडण्यास दोन प्रसंग कारण झाले. १९२८ साली इटलीच्या मोटो गुझ्झी कारखान्याने मागील स्प्रिंगांची एक गाडी तयार केली, आणि संस्थापकाचा भाऊ ज्युसेप्पे गुझ्झी तीवर बसून थेट नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे जाऊन आला. परंतु शर्यतबाजांस दूरच्या प्रवासाचे काय होय! त्यांची खात्री पटली ती १९३५ साली, आइल ऑफ मॅन बेटावर. तेथे स्टॅन्ली वुड्स या स्वाराने मागे स्प्रिंगा असलेल्या गुझ्झीवर मुख्य शर्यत जिंकली. सदतीस मैलांहून अधिक लांबीचे सात फेरे, आणि दुसरा आलेला नॉर्टनवरील जिमी गथ्री अवघे चार सेकंद मागे. त्या दिवशी सिद्ध झाले ते असे की, स्प्रिंग ही केवळ सुखाची वस्तू नव्हे. खडबडीत रस्त्यावर ताठ चाक उसळून अधांतरी राहते, आणि जे चाक जमिनीस टेकलेले नाही ते ना ओढ देते, ना ब्रेक.

महायुद्धानंतर आजची रचना स्थिरावली. मागचे चाक एका दुभंगी चौकटीत धरावयाचे, ती चौकट (आपले मेस्त्री तिला चिमटा म्हणतात) पुढच्या टोकाशी बिजागरीसारखी फिरू द्यावयाची, आणि दोहों बाजूंस स्प्रिंग व तेल असलेले दोन शॉकअप उभे करावयाचे. रॉयल एनफील्डच्या बुलेटने हीच रचना घेतली. १९४८ साली सान रेमो येथील सहा दिवसांच्या खडतर स्पर्धेत ती कसास लागली, व पुढच्या वर्षी ती गाडी विक्रीस आली. १९५० साली बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस याने नॉर्टनकरिता केलेला सांगाडा इतका सुखद निघाला की, त्यास 'फेदरबेड', म्हणजे पिसांची गादी, असेच नाव पडले. याच काळातील व्हेलोसेटची योजना आम्हांस सर्वांत विचारी वाटते. तीत शॉकअपचे वरचे टोक एका कमानदार खाचेत पुढेमागे सरकविता येई; एकटा स्वार असेल तर एका जागी, सोबती मागे बसला तर दुसऱ्या जागी. मागच्या माणसाचे वजन यंत्राच्या हिशोबात अशा रीतीने उघड उघड धरलेले येथे दिसते.

बुलेट हिंदुस्थानात प्रथम आली ती सैन्याकरिता. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया कंपनी निघाली व गाडी येथेच जुळविली, आणि मग येथेच बनविली जाऊ लागली. १९६१ साली म्हैसूर येथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्यांचे उत्पादन सुरू झाले. १९७३ पासून त्यांचे नाव येझ्दी झाले, व १९९६ साली तो कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही पोलंडच्या एका गाडीवरून घडविलेली होती. या तिन्ही गाड्या मूळच्या युरोपच्या. त्यांच्या स्प्रिंगा तेथील रस्त्यांचा आणि तेथील कुटुंबाचा अंदाज घेऊन योजलेल्या.

आपल्याकडील अंदाज निराळा होता. पुढे कर्ता पुरुष, टाकीवर एक मूल, मागे पदर सावरून दोन्ही पाय एका बाजूस सोडून बसलेली पत्नी, तिच्या मांडीवर दुसरे मूल, आणि बाजूस पिशवी. माळेगावच्या जत्रेस जाणारी, लातूरच्या बाजारास जाणारी, दवाखान्यात जाणारी गाडी ती हीच. आजारी माणसास दोघांच्या मध्ये धरून नेले जाई. एका बाजूस बसलेल्या माणसाचा भार तिरपा पडतो. त्यामुळे चिमट्याच्या बुशांवर अकारण पीळ बसतो आणि ते वेळेआधी झिजतात. सरकारी नियमांसही या बैठकीची दखल घ्यावी लागली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी असे ठरविले की, मागे बसणाऱ्यास धरण्याकरिता मूठ, पाय ठेवण्यास जागा, आणि वस्त्र चाकात गुंतू नये म्हणून मागच्या चाकाचे निदान अर्धे आच्छादन दिल्यावाचून गाडी बांधू नये. आज जुनी गाडी 'मूळ रूपात' आणताना पहिल्याने काढून टाकली जाते ती हीच जाळी! असो.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. शॉकअपमध्ये दोन निराळी कामे होतात, आणि ती एक समजल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. स्प्रिंग भार पेलते व धक्का साठविते. परंतु साठविलेले ती तसेच परत फेकते. तो परतीचा जोर मारण्याचे काम आतील तेलाचे. दट्ट्या तेलास बारीक छिद्रांतून ढकलतो व जोराचे रूपांतर उष्णतेत होते. तेल गळून गेले म्हणजे गाडी नावेसारखी डोलू लागते. मग कोणी तरी जाड स्प्रिंग घालण्याचा सल्ला देतो. हा उपाय रोगाहून वाईट होय. ताठ स्प्रिंगेने डोलणे थांबत नाही, फक्त आखूड होते. आणि सर्व धक्का पूर्वीच्या बैलगाडीप्रमाणे मणक्यात जातो. परीक्षा सोपी आहे. आसन दोन्ही हातांनी जोराने खाली दाबून सोडावे. ते एकदा वर येऊन थांबले तर तेल ठीक. दोनतीनदा हेलकावले तर गेले असे समजावे. त्याआधी चाक धरून आडवे हलवून पाहावे. तेथे खडखड असेल तर दोष बुशांचा आहे, आणि नवे शॉकअप घालून तो जाणार नाही.

नवे घेताना पहिली गोष्ट लांबी. वरच्या व खालच्या बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ती मोजावी, आणि जुनी स्प्रिंग बसली असण्याचा संभव ध्यानी घेऊन गाडीच्या पुस्तिकेशी ताडावी. लांब शॉकअपने मागची बाजू उचलली जाते, मधला स्टँड चाकास जमिनीवरून उचलीनासा होतो, साखळीचा ताण बदलतो व गाडी हातात चंचल होते. आखूड घेतल्यास चाक मडगार्डास घासते. दुसरी गोष्ट भार. नेहमी बसणारी सर्व माणसे बसली असता चाकाच्या एकंदर चालीपैकी सुमारे तिसरा हिस्सा खर्च व्हावा. याहून फार अधिक खर्च झाला तर खड्ड्यात शॉकअप तळास आपटेल, फार कमी झाला तर चाक उसळेल. म्हणून ज्यास खालच्या कडीने स्प्रिंगेचा आरंभीचा ताण बदलता येतो असाच शॉकअप घ्यावा. ती कडी ही व्हेलोसेटच्या खाचेची धाकटी बहीणच होय. तिसरी गोष्ट, दोन्ही एकदमच बदलावेत. एक नवा व एक जुना ही जोडी बैलांची असो वा शॉकअपची, औत वाकडेच चालावयाचे.

आता मूळ तेच राखावे की नवे घ्यावे, हा वाद. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांकरिता स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापरास न काढता प्रदर्शन, संशोधन, फेरी व देखभाल एवढ्याकरिताच रस्त्यावर आणावी, असे ते सांगतात. ज्यांस ही नोंदणी करावयाची आहे त्यांनी, जुने शॉकअप उघडता येण्याजोगे असल्यास, सील व तेल बदलून तेच ठेवावेत. त्यांवरील पत्र्याची आवरणेही टाकू नयेत. परंतु जी गाडी घरच्या माणसांस घेऊन खरोखर चालावयाची आहे, तिला योग्य मापाचे नवे शॉकअप लावण्यात इतिहासाचा भंग होतो असे आम्हांस वाटत नाही. जुने जोड तेल लावून, कापडात गुंडाळून जपावेत. नवे कोणत्या साली लावले हे लिहून ठेवावे. या गाड्यांचे या मुलखातील आयुष्य म्हणजे दुरुस्त्यांचेच आयुष्य होते, आणि ते लपविणे हाच खरा अपलाप ठरेल.

नव्या जोडाकरिता आज दूर पाहावयाचेही कारण उरलेले नाही. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाने हा माल देशात बनविण्यास आरंभ केला. १९८५ साली औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे बजाजचा कारखाना उभा राहिला, व त्या परिसरात शॉकअप बनविणारा एन्ड्युरन्ससारखा मोठा उद्योग वाढला. ज्या मराठवाड्यात गाडीला कमान माहीत नव्हती, तेथूनच आता देशभरच्या मोटारसायकलींस शॉकअप जातात.

नांदेडहून लोहा, अहमदपूरवरून लातूरपर्यंतचा सुमारे एकशेचाळीस किलोमीटरांचा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग आहे; परंतु त्यापासून आत वळणारी प्रत्येक वाट अजून सपाट झालेली नाही. तेव्हा नवे शॉकअप बसविल्यावर त्यांची परीक्षा महामार्गावर एकट्याने करू नये. आयुष्यभर ज्यांनी याच गाडीच्या मागे बसून प्रवास केला त्या आईस किंवा आजीस, प्रकृती साथ देत असल्यास, मागे बसवावे, गाडी सावकाश गावाच्या वाटेस लावावी, आणि परत आल्यावर कडी एक घर चढवावी की उतरवावी हे त्यांस विचारावे.