होर्नविकाची चढण : नॉर्वेच्या किनाऱ्यावरील सहलींचा पूर्वेतिहास

नॉर्वेचा पश्चिम आणि उत्तर किनारा आज निसर्गदर्शनाच्या जलप्रवासासाठी जगभर ओळखला जात असला, तरी तेथील जहाजवाहतूक पर्यटकांसाठी नव्हे, तर टपाल, मासळी आणि किनाऱ्यावरच्या रहिवाशांची ये-जा यांसाठी उभी राहिली. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरून काढलेल्या खोल व अरुंद खाड्या. त्यांनी हा किनारा इतका चिरलेला आहे की जमिनीवरून एका गावाहून शेजारच्या गावी जाण्यापेक्षा समुद्रमार्गे जाणे पूर्वी नेहमीच सोपे ठरे. 1838 मध्ये ‘प्रिन्स गुस्ताव’ ही सरकारी आगबोट ट्रॉन्हाइम ते ट्रॉम्सो या मार्गावर धावू लागली. पुढे 1893 मध्ये रिचर्ड विथ या कप्तानाने सरकारशी करार करून ट्रॉन्हाइम ते हामरफेस्ट अशी साप्ताहिक ‘हुर्टिगरूटन’, म्हणजे जलद सेवा, सुरू केली आणि हिवाळ्यातील अंधारातही रात्री जहाज हाकून दाखवले, तेव्हा उत्तरेकडच्या वस्त्यांचे टपाल प्रथमच वेळापत्रकाने पोहोचू लागले.

या कामकाजी जहाजांच्या थांब्यांतूनच किनाऱ्यावरील सहलीची प्रथा आकारास आली. पिंपे, पोती आणि टपालाच्या थैल्या चढवण्या-उतरवण्यात जे तास जात, त्या तासांत प्रवाशांना धक्क्यावर उतरून गाव पाहता येई, आणि त्यांना फिरवून आणण्यासाठी लागणारी व्यवस्था काही ठिकाणी आधीपासूनच होती. ‘स्क्यूस’ या नावाच्या जुन्या पद्धतीनुसार शेतकऱ्यांनी ठरलेल्या दराने वाटसरूंना घोडे व गाड्या पुरवणे बंधनकारक होते. 1889 मध्ये गाइरांगर गावातून डोंगरावर चढणारा वळणावळणांचा रस्ता खुला झाला, तेव्हा जहाजातून उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी तेथे दोन चाकांच्या घोडागाड्या सज्ज राहू लागल्या, आणि ज्या कामाकडे शेतकरी एके काळी वेठ म्हणून पाहत असत, तेच त्यांच्या उन्हाळी मिळकतीचे साधन झाले.

ट्रॉम्सोजवळच्या ट्रॉम्सदालन खोऱ्यातील सहलीचे मात्र इतके सरळ समर्थन करता येत नाही. रेनडिअरचे कळप घेऊन उन्हाळ्यात तेथे येणाऱ्या सामी कुटुंबांचा तळ पाहणे हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजाच्या कार्यक्रमाचा ठरलेला भाग बनला होता. सामी कुटुंबे शिंगांच्या व कातड्याच्या वस्तू विकून या भेटींतून चार पैसे मिळवीत, हे खरे. परंतु माणसांच्या घरात डोकावण्यालाच प्रेक्षणीय स्थळाचा दर्जा मिळाला होता, आणि त्या काळच्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना त्यात काही वावगे वाटले, ही गोष्ट या इतिहासातून वगळता येणार नाही.

या सर्व सहलींमध्ये सर्वाधिक कष्टाची आणि म्हणूनच सर्वाधिक स्मरणीय सहल होती ती नॉर्थ केपची. मागेरोया बेटाच्या उत्तर टोकाचा हा कडा समुद्रातून सुमारे 307 मीटर उभा चढतो. 1553 मध्ये ईशान्येकडून चीनला जाणारा मार्ग शोधण्यास निघालेल्या इंग्रज मोहिमेतील रिचर्ड चान्सलर याने समुद्रावरूनच त्याला हे नाव दिले, तर 1664 मध्ये फ्रांचेस्को नेग्री हा इटालियन धर्मगुरू केवळ पाहण्याच्या ओढीने तेथवर पोहोचला. वास्तविक शेजारचे क्निवशेलोद्दन हे सखल टोक थोडे अधिक उत्तरेस आहे. तरीही मान मिळाला तो उंच कड्यालाच. 1873 मध्ये राजा दुसरा ऑस्कर तेथे चढून गेला, आणि 1875 मध्ये टॉमस कुकच्या कंपनीने पहिला पर्यटकगट तेथे नेला, तेव्हापासून ही वाट प्रतिष्ठितांची झाली.

वाट सुरू होई ती कड्याच्या पूर्व बाजूच्या होर्नविका या लहानशा उपसागरातून. कोकणातील अनेक बंदरांत आगबोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावातून किनारा गाठत, तसेच येथेही जहाज नांगरून राही आणि प्रवाशांना होड्यांतून खडकांपर्यंत आणले जाई. तेथून नागमोडी पायवाटेने तासाभराची चढण असे, आणि घसरड्या जागी दोर बांधलेले असत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत येथे सूर्य मावळत नसल्याने जहाजे संध्याकाळी होर्नविकात शिरत, म्हणजे मंडळी मध्यरात्रीच्या सुमारास पठारावर असत. लांब झग्यांतील स्त्रिया, वयस्कर गृहस्थ आणि तरुण मुले यांना तो चढ एकमेकांच्या आधारानेच पार करावा लागे. भोजनगृहात औपचारिक अंतर राखून बसणारे सहप्रवासी दोराला धरून वर येताना खरे सोबती होत असावेत, असे मानण्यास जागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पठारावर एक लाकडी मंडप उभा राहिला, आणि तेथे शॅम्पेनचे पेले भरले जाऊ लागले. 1907 मध्ये सयामचा राजा चुलालोंगकोर्न तेथे आला व त्याने आपले नाव दगडावर कोरविले.

ही चढण 1956 मध्ये निरुपयोगी ठरली. त्या वर्षी बेटाच्या आग्नेय बाजूच्या होन्निंगस्वोग बंदरापासून पठारापर्यंत मोटाररस्ता झाला, आणि 1999 मध्ये समुद्रतळाखालून जाणाऱ्या बोगद्याने बेट मुख्य भूमीलाही जोडले गेले. यात पाय अधू असलेल्यांची आणि वृद्धांची मोठी सोय झाली, हे निर्विवाद आहे. होर्नविकाचे महत्त्व संपले, आणि तेथे होड्या व वाटाडे करीत असलेले काम होन्निंगस्वोगमधील बसगाड्यांकडे गेले. किनारी सेवेचे जहाज आता त्या बंदरात काही तास थांबते, प्रवासी बसने पठारावर जाऊन परततात, आणि जहाज बेटाच्या दक्षिणेकडील सामुद्रधुनीने आलेले असल्यामुळे कड्याला वळसा न घालताच पूर्वेकडे निघते. ज्या उभ्या भिंतीमुळे चान्सलरला त्या जागेला नाव द्यावेसे वाटले, ती समुद्रावरून दिसणारी भिंत या प्रवाशांच्या दृष्टीस एकदाही पडत नाही.