लिटलमोअरचा जोगिणींचा मठ

मोठ्या संस्थांस इतिहासांत जागा त्यांच्या वैभवामुळें मिळते. लहान संस्थांस ती पुष्कळदां त्यांच्या बदनामीमुळें मिळते. ऑक्सफर्डजवळील लिटलमोअर येथील बेनेडिक्टपंथी जोगिणींच्या मठाची कथा अशीच आहे. स्टीफन राजाच्या कारकीर्दीच्या अखेरीस रॉबर्ट डी सँडफर्ड यानें हा मठ स्थापिला. पुढें सुमारें पावणेचारशें वर्षें तो बेताच्या उत्पन्नावर चालला.

इ. स. १५१७ सालीं लिंकनच्या बिशपांचे प्रतिनिधि तेथें तपासणीस आले. मठाधिकारिणी कॅथरीन वेल्स हिला एका धर्मोपदेशकापासून मुलगी झाली असून, त्या मुलीच्या हुंड्यासाठीं तिनें मठाचीं भांडीं व अंथरुणें विकलीं वा गहाण टाकलीं, असें तपासणींत निघालें. जोगिणींस अन्नवस्त्राची वाण होती. तक्रार करणारीस खोड्यांत घालीत. पुढील वर्षीं एलिझाबेथ विंटर ही मुलांबरोबर दंगामस्ती करते म्हणून तिला खोड्यांत घातलें. तेव्हां तिच्या सोबतिणींनीं दार फोडून तिला सोडविलें, खोडा जाळून टाकला, आणि खिडकी मोडून सर्वजणी पळाल्या.

कॅथरीन निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु वरिष्ठांनीं दोष सिद्ध मानूनहि कारभार तिच्याच हातीं ठेविला, हें आम्हांस अधिक विचार करण्याजोगें वाटतें. १५२५ सालीं कार्डिनल वुल्झी यास ऑक्सफर्ड येथील आपल्या नव्या विद्यालयासाठीं द्रव्य हवें होतें. तेव्हां मठ बंद होऊन त्याची मिळकत तिकडे गेली. कॅथरीनला मात्र नेमणूक मिळाली. म्हणजे उपाशी जोगिणींची हाक जें करूं शकली नाहीं, तें विद्यालयाच्या गरजेनें केलें! तेंच विद्यालय १५४६ पासून क्राइस्ट चर्च या नांवानें प्रसिद्ध आहे.

२०१२ सालीं सुरू झालेल्या उत्खननांत या मठाच्या जागीं ९२ दफनें आढळलीं. त्यांत स्त्रियांप्रमाणेंच पुरुष व मुलेंहि होतीं. ज्या भूमींत बाहेरच्या लोकांनींहि आपलीं माणसें विसाव्यास ठेविलीं, तिची सारी हकीकत तपासणीच्या दप्तरांत मावली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. दप्तर दोष टिपून ठेवितें; रोजची सेवा टिपून ठेवणारा लेखक बहुधा कोणी नेमीत नाहीं. इतिहास वाचतांना एवढें भान राखिलें तरी पुष्कळ झालें.