ड्रुपलमधील विदागार पृच्छा-फंक्शनांची पुनर्रचना

ड्रुपल ही पीएचपी भाषेत लिहिलेली मुक्त आशय व्यवस्थापन प्रणाली असून भारत सरकारचे मुक्त विदा संकेतस्थळही तिच्यावर उभारले गेले. विदागारातून म्हणजेच डेटाबेसमधून माहिती मागवणाऱ्या तिच्या फंक्शनांची मांडणी प्रामुख्याने ७व्या आणि ८व्या आवृत्तीत बदलण्यात आली. बाह्य वर्तन न बदलता आज्ञावलीची अंतर्गत रचना सुधारणे म्हणजे पुनर्रचना. या काटेकोर अर्थाने ७व्या आवृत्तीतील बदल हे पुनर्लेखनच होते.

६व्या आवृत्तीपर्यंत 'डीबी_क्वेरी' या फंक्शनला एसक्यूएल वाक्य देताना मूल्यांच्या जागी टक्केचिन्हयुक्त खुणा लिहाव्या लागत. मजकुराभोवतीचे अवतरणचिन्ह लेखकाने स्वतः घालायचे असे. ५ जानेवारी २०११ रोजी आलेल्या ७व्या आवृत्तीने पीएचपीच्या पीडीओ या सुविधेचा आधार घेतला, खुणांना नावे दिली आणि 'डीबी_सिलेक्ट', 'डीबी_इन्सर्ट' अशी स्वतंत्र फंक्शने आणली. वापरकर्त्याने दिलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवला जाऊ नये, हा त्यामागील एक महत्त्वाचा हेतू होता.

२०१४ची त्रुटी

नेमकी याच सुरक्षित मानलेल्या थरात मोठी त्रुटी निघाली. एका खुणेसाठी मूल्यांची यादी आली, तर तिच्यातील प्रत्येक मूल्यासाठी वेगळी खूण तयार करणारे एक अंतर्गत फंक्शन होते. नव्या खुणांची नावे ते यादीतील कळांवरून बनवी. मूल्ये तपासली जात, कळा मात्र तशाच वाक्यात जात. अर्जातील रकान्यांची नावे बदलून कोणालाही, लॉगिन न करता, विदागारावर हवी ती आज्ञा चालवता येई. जुन्या ६व्या आवृत्तीत हा दोष नव्हता.

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी ७.३२ ही दुरुस्त आवृत्ती आली. यादीतील कळा टाकून क्रमांक वापरणे, एवढीच ती दुरुस्ती होती. घोषणेनंतर ७ तासांत दुरुस्त न झालेले संकेतस्थळ बाधित समजावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने २९ ऑक्टोबरला जाहीर केले. भारतीय वेळेनुसार ती मुदत १६ ऑक्टोबरच्या पहाटे साडेचारला, येथील बहुतेक संकेतस्थळचालक झोपेत असतानाच, संपली होती. उशिरा केलेल्या अद्ययावतीकरणाने आधीच शिरलेला घुसखोर बाहेर जात नसल्याने जुन्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभारणे आवश्यक ठरले.

पुढील बदल

८व्या आवृत्तीत ही सुटी फंक्शने कालबाह्य ठरवून त्यांच्या जागी विदागार-जोडणीची वस्तू आली; त्यामुळे चाचण्या घेणे सोपे झाले. जून २०२०मधील ९व्या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीतही २०२०च्या १.३५ आवृत्तीपासून, अनेक घटक ठरावीक क्रमाने देण्याऐवजी नावानिशी पृच्छा रचण्याची सोय आहे.