एपिंगचें अरण्य

लंडन शहराच्या ईशान्येस, वस्तीला अगदीं खेटून, एपिंग फॉरेस्ट नांवाचें एक अरण्य आहे. क्षेत्रफळ सुमारें सहा हजार एकर. सुटीच्या दिवशीं तेथें पायीं हिंडावयास, घोड्यावरून रपेट करावयास किंवा नुसतें झाडाखालीं पडून राहावयास शहरचे लोक जातात. ६ मे १८८२ रोजीं व्हिक्टोरिया राणीनें स्वतः तेथें जाऊन हें अरण्य प्रजेच्या उपभोगार्थ खुलें केलें. त्यामुळें हें राजकृपेचें दान होय, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे.

मूळ हें राजाचें मृगयावन. हरिणें राजाचीं, जमीन निरनिराळ्या जमीनदारांची, आणि त्याच जमिनीवर गुरें चारण्याचा व सरपण तोडण्याचा हक्क आसपासच्या गांवकऱ्यांचा, अशी तिहेरी वहिवाट होती. पुढें राजघराण्याची शिकारीची हौस ओसरली, तेव्हां सरकारनें आपला हक्क जमीनदारांना विकावयास काढला. शेजारच्या हेनॉल्टच्या अरण्याची गत लोकांच्या डोळ्यांपुढें होती. १८५१ सालीं पार्लमेंटनें कायदा करून त्याचें वनत्व काढून घेतलें, आणि पाहतां पाहतां जुने ओक वृक्ष मुळांसकट उपटून तेथें शेतें करण्यांत आलीं. एपिंगमध्येंही कुंपणें पडूं लागलीं.

लाउटन गांवची वहिवाट मोठी मौजेची होती. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीं पहिली फांदी तोडावयाची. ती चुकली तर हक्क बुडाला, अशी समजूत. झाड बुंध्याशीं तोडावयाचें नाहीं. माणसाच्या डोक्याहून उंच, गुरांचें तोंड पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं फांद्या छाटावयाच्या. कांहीं वर्षांनीं तेथेंच नवे फुटवे येत. शेंकडों वर्षें असें छाटलेलें झाड ठेंगणें, जाड बुंध्याचें व वेडेंवांकडें होतें. परंतु न छाटलेल्या झाडापेक्षां तें अधिक काळ जगतें.

लाउटनचा जमीनदार मेटलंड हा त्या गांवचा धर्मोपदेशकही होता. त्यानें १८६५ च्या सुमारास हजाराहून अधिक एकरांना कुंपण घातलें. थॉमस विलिंगेल नांवाच्या वृद्ध मजुरानें तें न जुमानतां कुऱ्हाड चालविली. त्याच्या घरच्या तरुणांना तुरुंगांत जावें लागलें. १८६५ सालींच स्थापन झालेल्या कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटीनें विलिंगेलच्या नांवें दावा लढविला. पण १८७० मध्यें तो वारला आणि वादीबरोबर दावाही संपला.

येथें एका स्मशानभूमीनें लोकांना हात दिला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. लंडन सिटीच्या कॉर्पोरेशननें दफनभूमीसाठीं अरण्याच्या कडेला जमीन घेतली होती, आणि त्या जमिनीबरोबर चराईचा हक्कही तिच्याकडे आला होता. गरीब मजुराचा दावा त्याच्या मृत्यूनें संपतो. कॉर्पोरेशनला मरण नाहीं. १८७१ सालीं तिनें जमीनदारांवर फिर्याद केली. १८७४ मध्यें मास्टर ऑफ दि रोल्स सर जॉर्ज जेसेल यांनीं १८५१ नंतर पडलेलीं कुंपणें बेकायदेशीर ठरविलीं. १८७८ च्या कायद्यानें अरण्य कॉर्पोरेशनच्या हवालीं झालें. अट अशी कीं, तें लोकांच्या विहारासाठीं सदैव मोकळें ठेवावें आणि त्याचें नैसर्गिक रूप शक्य तितकें राखावें.

याच १८७८ सालीं हिंदुस्थानांतही वनांचा कायदा झाला. त्यानें राखीव जंगलांत रयतेच्या पिढीजात वहिवाटीला सरकारी चौकशीच्या दारांत उभें केलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या विधेयकास विरोध केला होता. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांत, जंगलखात्यानें गुरांना चरावयास जागा ठेविली नाहीं, अशी कडक तक्रार केली आहे. एपिंगचे तंटे मिटविण्यास नेमलेले लवाद सर आर्थर हॉबहाउस हे त्यापूर्वीं १८७७ पर्यंत गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलचे कायदेमंत्री होते, हाही एक योगायोगच.

परंतु लाउटनच्या गांवकऱ्यांचें तरी काय झालें? नव्या कायद्यानें त्यांचा फांद्या तोडण्याचा हक्क पैसे देऊन नाहींसा केला. त्या रकमेंतून १८८४ सालीं 'लॉपिंग हॉल' ही सार्वजनिक इमारत उठली. ज्या माणसांच्या हट्टानें अरण्य वांचलें, त्यांच्या पदरीं एक सभागृह पडलें. हा सौदा मला फारसा सरळ वाटत नाहीं. शहरी सहलकऱ्यांना छाटलेलीं बुटकीं झाडें कुरूप वाटत. त्यांच्या दृष्टीनें कुऱ्हाड थांबली हें बरेंच झालें.

अरण्याला मात्र तें मानवलें नाहीं. छाटणी बंद होतांच जुन्या बुंध्यांवर फांद्या माजल्या. वरचा भार न पेलून पुष्कळ झाडें दुभंगलीं. गर्द सावलींत खालचें गवत व फुलें नाहींशीं झालीं, आणि गुरें कमी झाल्यानें मोकळीं माळरानें झुडपांनीं भरलीं. त्यांत लोकांच्या पायांनीं मुळांवरची माती दाबली जाते, ही आजची नवी काळजी. 'नैसर्गिक रूप' म्हणून जें राखावयाचें होतें, तें शेंकडों वर्षांच्या कुऱ्हाडीनें व गुरांनीं घडविलेलें होतें, हें उमगण्यास सुमारें शंभर वर्षें लागलीं.

आतां तेथें निवडक झाडांची छाटणी पुन्हां होते. एकदम छाटलें तर म्हातारें झाड मरतें, म्हणून ती थोडी थोडी, बऱ्याच वर्षांच्या अंतरानें करावी लागते. लांब शिंगांचीं गुरेंही माळांवर पुन्हां सोडलीं आहेत. फांद्या तोडणारीं माणसें आतां अरण्याच्या व्यवस्थापकांनीं नेमलेलीं असतात. लॉपिंग हॉल अद्याप लाउटनमध्यें उभा आहे.