सोनोग्राफीआधी पोटावर जेल का लावतात? आवाजाच्या प्रवासाची गोष्ट

पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी करून आलेल्या एका आजींनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, पोटावर तो गार गार मलम कायले लावता?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. आणि हा इतिहास शेवटी आपल्या जळगाव जिल्ह्यात येऊन थांबतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हवा, पाणी, लोखंड

आवाज म्हणजे कंपन. एक कण हलला की तो शेजारच्याला ढकलतो, तो पुढच्याला. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, पाण्यात सुमारे १,४८० मीटर आणि पोलादात ५,००० मीटरहून जास्त. पुष्कळांना वाटते, पदार्थ जितका जड तितका आवाज जलद. तसे नाही. शिसे पोलादापेक्षा जड असते, तरी त्यात आवाज पोलादाच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जातो. खरा मुद्दा ताठपणाचा आहे. दाबले असता पदार्थ जितका जोरात मूळ जागी येतो, तितका आवाज भरभर पुढे सरकतो.

भुसावळच्या आसपास वाढलेल्यांनी लहानपणी रुळाला कान लावून येणारी गाडी ओळखली असेल. (आता कोणीही हा प्रयोग करू नका!) बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०८ मध्ये हीच गोष्ट मोजून दाखवली. पॅरिसमधल्या ९५१ मीटर लांब लोखंडी नळाच्या एका टोकाला ठोका मारला, तर दुसऱ्या टोकाला दोन आवाज आले. पहिला लोखंडातून, दुसरा सुमारे अडीच सेकंदांनी नळातल्या हवेतून.

१८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात कोलादाँ आणि स्टुर्म यांनी पाण्यातला वेग मोजला. एका होडीवरून पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर दारू पेटवायची. तेरा किलोमीटरहून अधिक दूरच्या होडीवरचा माणूस उजेड पाहून घड्याळ सुरू करी आणि पाण्यात सोडलेल्या कर्ण्यातून घंटा ऐकू येताच थांबवी. वेग आला सेकंदाला १,४३५ मीटर. पाणी ८ अंशांवर थंड होते, त्यामुळे आकडा जरा कमी.

डॉक्टरांचा कान

मडके घेताना आपण बोटाने टिचकी मारून पाहतो. ऑएनब्रुगर या डॉक्टरने तेच माणसाच्या छातीवर केले. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंप भरले आहे की रिकामे हे वडील ठोकून ओळखत, असे सांगतात. १७६१ मध्ये त्याने लिहिले की, निरोगी छाती पोकळ वाजते, पाणी भरलेली छाती बद्द वाजते.

१८१६ मध्ये पॅरिसमध्ये लायनेक या डॉक्टरने कागदाची घट्ट गुंडाळी करून एका तरुण स्त्रीच्या हृदयाचे ठोके ऐकले. पुढे त्याने लाकडी नळी केली. तीच आपल्या स्टेथोस्कोपची आजी.

तपासताना मी तुम्हाला "एक, एक म्हणा" असे सांगतो, तेव्हाही हेच चालू असते. हवेने भरलेले फुप्फुस आवाज अडवते. न्यूमोनियात फुप्फुसाचा भाग घट्ट होतो आणि तुमचा आवाज मला जास्त स्पष्ट ऐकू येतो. फुप्फुसाबाहेर पाणी साचले असेल, तर तो बहुधा मंदावतो.

पाणबुडीपासून पोटापर्यंत

पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी लान्जव्हँ यांनी माणसाला ऐकू न येणारा सूक्ष्म आवाज पाण्यात सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडला. पुढे कारखान्यांत धातूतली चीर शोधायला हीच युक्ती आली. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी तसले यंत्र रुग्णांच्या पोटावर वापरले. १९५८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

आपल्या शरीराच्या मऊ भागांत आवाज सेकंदाला सरासरी १,५४० मीटर जातो. हा आकडा यंत्रात धरलेला असतो. प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून खडा किती खोल आहे ते यंत्र काढते. एक सेंटिमीटर जाऊन परत यायला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे फक्त १३ भाग लागतात!

आता आजींचे उत्तर. यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला, तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. जेल ती हवा काढून टाकते. मलमात औषध काही नसते.

आणि आपला जिल्हा

हाच आवाज गर्भापर्यंतही पोहोचतो. बाळाची वाढ, नाळेची जागा, व्यंग हे सगळे कळते, अनेक मातांचे प्राण वाचतात. पण आपल्याकडे त्याला दुसराच प्रश्न विचारला गेला. निसर्गात हजार मुलांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ८४२ उरल्या. गर्भलिंग तपासणी आणि त्यानंतरचे गर्भपात हे यामागचे मोठे कारण. असा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला होता. देशाचा कायदा १९९४ चा. तरी हे घडले.

यंत्र फक्त प्रतिध्वनी ऐकते. अर्थ सांगणारा माझ्याच व्यवसायातला माणूस असतो आणि विचारणारा आपल्याच घरातला. म्हणून दोघांनाही सांगतो: शब्दाने, खुणेने, कशानेही गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा आहे आणि ते विचारणेही.

पुढच्या वेळी सोनोग्राफीला गेलात, तर जरूर विचारा: बाळाचे ठोके नीट आहेत का? वजन किती? पाणी पुरेसे आहे का? नाळ कुठे आहे? डॉक्टरांनी या प्रश्नांची उत्तरे द्यायलाच हवीत. मुलगा की मुलगी, हे बाळ जन्मल्यावर स्वतःच रडून सांगेल. तो आवाज हवेतून येईल, सेकंदाला ३४३ मीटर वेगाने. तेवढा धीर आपण धरू या.